आज पातेल्यात कोण आहे?

मोठ्या आपाला किळस यायला फार काही लागत नसे. थुंकी लावून उलटलेलं पान, बशीच्या काठावर वाळलेली साय, नाकात जाऊन आलेलं बोट तसंच ओळीवर फिरवणारी मुलगी, एवढं पुरे व्हायचं. मग ती असं काही "शी!" म्हणायची की समोरची पोर जागच्या जागी अर्धी व्हायची. छडी तिनं जन्मात हातात धरली नव्हती. धरायची गरजच काय? त्या एका "शी!"ला मुली छडीपेक्षा जास्त घाबरायच्या.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर माडी होती, तिथे मुलींचा मदरसा भरायचा. शाळा सुटली की मुली दप्तरासकट यायच्या, जिन्याखालच्या नळांसमोर ओळीनं बसून वजू करायच्या, म्हणजे नमाजाआधी हात, तोंड, पाय धुवायच्या आणि मग जिना चढून सबक, म्हणजे धडा, घ्यायला बसायच्या. नळापाशी आपा जातीनं उभी. "चूळ तीनदा. तीनदा म्हणजे तीनदाच! चौथ्यांदा ओंजळ भरलीस तर बघ. नदीकाठी बसलात तरी पाणी उधळायचं नाही, असं शिकवलंय आपल्याला. इथे तर टँकर येतो, बयांनो!"

मोठ्या मुली मोठ्या आपाकडे. चिल्ल्यापिल्ल्यांना अक्षरं शिकवायला धाकटी आपा. तिशीच्या आतली, हसरी, आवाज असा की रडकं पोरसुद्धा अलिफ म्हणताना रडायचं विसरायचं. तिनं नवऱ्याकडून खुला घेतला होता, म्हणजे आपणहून सुटका मागून घेतली होती. धर्मात त्याला रीतसर वाट आहे. मोठी आपा स्वतः ती वाट वरच्या वर्गाला शिकवायची. पण वाट पुस्तकात असणं वेगळं आणि त्या वाटेनं चालून आलेल्या बाईला गल्लीनं सुखानं जगू देणं वेगळं. घरी अंथरुणाला खिळलेली आई. मदरशातली नोकरी गेली तर त्या दोघींनी खायचं काय, हा प्रश्न होता, आणि "चारित्र्य बरं नव्हतं म्हणून काढली" असा शिक्का बसलेल्या बाईला दुसऱ्या दारात कोणी उभं करणार नव्हतं, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

तर त्या आठवड्यात मोठी आपा सगळ्या मुलींना एकत्र बसवून गीबतीचा सबक देत होती. गीबत म्हणजे माणूस समोर नसताना त्याच्याबद्दल असं बोलणं, जे त्यानं ऐकलं तर त्याला लागेल. तशी बोलणारी माणसं मेलेल्या भावाचं मांस खातात, असा हा सबक.

"पण आपा, खरं असेल तर?" मागून एकीनं विचारलं. दरवर्षी कोणीतरी हे विचारतंच.

"खरं असेल तरच ती गीबत! खोटं असेल तर तो आळ. त्याची शिक्षा आणखी वेगळी. आणि तुम्ही फोनवर एकीचं दुसरीला पाठवता ना, 'बघ गं, कोणाला सांगू नकोस' म्हणून? तेही खाणंच. नुसतं पुढे ढकललं म्हणून सुटका नाही. ताट वाढणारीनंही हात बुडवलेले असतात."

एरवी इथे थांबली असती तर चाललं असतं. पण शिकवताना आपाच्या अंगात यायचं. तिनं मुठीत हवेतला तुकडा धरला, तोंडाशी नेला आणि तोंड असं वाकडं केलं की पुढच्या ओळीतल्या पोरींनी ओठ मिटून घेतले. "जिभेला चव कळत नाही, एवढंच. खाल्लं ते खाल्लंच. दातात अडकतं. पोटात जातं. शी!"

शेवटी नेहमीसारखा आठवड्याचा अंमल, म्हणजे आठवडाभर पाळायची गोष्ट दिली, कारण सबक नुसता तोंडपाठ होऊन उपयोग नाही, अंगी लागला पाहिजे, असं तिचं मत. "कोणी गीबत करायला लागलं की उठून जायचं. उठता येत नसेल तर निदान तोंड बंद ठेवायचं."

पुढच्या ओळीत मुंगी बसली होती. मुंगी हे तिचं घरचं नाव. सदानकदा काहीतरी उचलून न्यायची, खडूचा तुकडा म्हणू नका, बटण म्हणू नका. त्या दिवशी ती हा सबक उचलून घरी घेऊन गेली.

मुंगीचे अब्बा मटणवाले. बाजारातलं सगळ्यात चालतं दुकान त्यांचं. सुट्टीच्या दुपारी सगळं घर जेवायला बसलं होतं. मधोमध पातेलं, वाफा निघताहेत, नळ्या फुटताहेत, आणि मुंगीच्या फुफीनं, म्हणजे आत्यानं, विषय काढला. "ऐकलंत का? ती धाकटी आपा. कोणा पुरुषाच्या मोटरसायकलवर मागे बसून चालली होती म्हणे. भर बाजारातून!" अम्मीनं हाडूक चोखता चोखता विचारलं, "चिकटून बसली होती का?" दादीला नीट ऐकू आलं नव्हतं, म्हणून फुफीनं तिखटमीठ लावून पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळी मोटरसायकल बाजारातून न जाता बागेसमोर थांबली.

मुंगीनं ताटात बघितलं. मग पातेल्यात बघितलं. मग हळूच विचारलं, "अम्मी, ही धाकटी आपा आहे?"

"कोण?"

"हे. आपण खातोय ते."

सगळे फिदीफिदी हसले. आणि मुंगीनं जे खाल्लं होतं ते सगळं जेवायला अंथरलेल्या दस्तरखानावर ओकून टाकलं.

त्या दिवसापासून घरात नवंच खूळ. जेवायला हाक मारली की ही पोर येऊन पातेल्यात डोकावणार आणि विचारणार, "आज कोण आहे?" आणि त्या घरात कोणी नाही असा दिवस कुठला! एकदा शिंपिणीची सून होती, एकदा समोरचा डॉक्टर, आणि पाहुणे आले त्या दिवशी तर, मुंगीच्याच शब्दांत, पातेल्यात मावत नव्हते इतके होते. मुंगी पाणी पिऊन उठायची. आधीच मूठभर जीव, त्यात गालफडं बसली.

मोठ्या आपाला हे कळलं ते मुंगीला नळापाशी घेरी आली तेव्हा. आपानं तिला कडेवर घेऊन वर नेलं, आपला डबा उघडून पुढे ठेवला. मुंगी डब्यात वाकली.

"यात कोण आहे?"

"कोण म्हणजे? बटाटा आहे."

मग अडखळत सगळं बाहेर आलं. आपानं तिला जवळ ओढलं. "अगं वेडे, ते खरंखुरं माणसाचं मांस नसतं. तसं किळसवाणं असतं, एवढंच."

"पण तुम्ही म्हणालात, चव कळत नाही एवढंच. खाल्लं ते खाल्लंच."

म्हटलं होतंच तिनं. मुंगीनं पुढे विचारलं, "तुमच्या घरी जेवताना कोणाबद्दल बोलत नाहीत?"

"माझ्या घरी मी आणि एक बहिरा नवरा. मी बोलले तरी ऐकणार कोण?"

मुंगी खुदकन हसली आणि आख्खा डबा साफ केला. तेव्हापासून रोज दोन डबे यायला लागले. घरी उपाशी राहणारी पोर आपाच्या हातचं मुकाट्यानं खायची. आपाच्या मनाला ते कुठेतरी सुखावत होतं, खोटं कशाला बोला. सगळ्या वस्तीत एकच डबा पाक, निर्मळ, आणि तो आपला!

मटणवाल्यांना मात्र हे सुख कसं पटावं? त्यांनी मदरशाच्या कमिटीकडे तक्रार केली.

कमिटी म्हणजे मुख्यतः अध्यक्ष. टाइल्सवाले शेठ. त्यांच्या दुकानात टाइल्स मिळायच्या आणि संडासाची भांडीही. बैठक असायची मागच्या खोलीत. तिथे पोचायला चकचकीत कमोडांच्या दोन रांगांमधून जावं लागायचं, आणि दरवेळी आपा पदर नाकाला लावूनच जायची. भांडी कोरी होती, मान्य. पण मनाला कोण समजावणार!

त्या दुपारी एका कमोडला टेकवून नवा फलक ठेवला होता. "नव्या पिढीसाठी सद्गुण." खाली शेठचा फोटो, अक्षरांहून मोठा. पुढच्या आठवड्यात बाहेरून मोठे पाहुणे मदरसा बघायला येणार होते, आजच्या काळात धर्मशिक्षण समाजाला काय वळण लावतं ते पाहायला. त्याची ही तयारी.

खोलीत शेठ, कमिटीचे सेक्रेटरी, मटणवाले आणि त्यांच्या शेजारी खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून बसलेली मुंगी. पुरावा म्हणून तिला आणलं होतं. टेबलावर मोठा डबा उघडा. मटणवाल्यांनी कमिटीसाठी घरून शिजवून आणलेलं मटण आणि पाव. तिघांची बोटं आत बाहेर चालली होती.

"बसा, आपा. घ्या."

"मला नको."

"बघा!" मटणवाले पाव हातात धरून म्हणाले. "आधी लेकीनं सोडलं, आता ह्या. मटणवाल्याची पोर मटण खात नाही, शेठ! गिऱ्हाईक काय म्हणेल? म्हणेल, मालातच काहीतरी घोटाळा आहे. काल एक बाई विचारत होती, 'मुलगी का खात नाही हो?' तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

"आपा," शेठनी बोट चाटलं, "जमाना बदललाय. मुलांना असं भेदरवून शिकवायचं नसतं. प्रेमानं शिकवा. प्रामाणिकपणा, स्वच्छता, वडीलधाऱ्यांचा आदर. हा मांसाबिंसाचा सबक पाहुण्यांसमोर नको. बरं दिसत नाही."

"सबक मी नाही लिहिलेला, शेठ. मुलीला समजावण्यात माझं चुकलं, ते मी कबूल करते आणि निस्तरते. पण तिच्या घरी रोज जे चालतं त्याचं काय? पोर आजारी पडली ती सबकानं की घरच्यांच्या तोंडानं?"

मटणवाल्यांनी मान खाली घालून नळी ठोकायला सुरुवात केली. आपाला वाटलं, झालं, संपलं. पण खरी बैठक तर आता सुरू होत होती. शेठनी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी फोन काढला.

"दुसरा विषय," शेठ म्हणाले. "धाकटी आपा. पाहुणे यायच्या आत तो विषय मिटवायचाय."

फोनवर फोटो होता. बाजार, मोटरसायकल, मागे बसलेली बाई. चेहरा नीट दिसत नव्हता म्हणून सेक्रेटरींनी अंगठा आणि बोट टेकवून तो मोठा केला. बोटांना रस्सा. धाकट्या आपाच्या गालावर, कपाळावर पिवळी चरबी पसरली. मग शेठनी फोन घेतला, त्यांनीही आपलं बोट फिरवलं. मग मटणवाल्यांनी. फोन आपाकडे आला तेव्हा तिनं हात मागे घेतला.

"शी!" ती म्हणाली. पण त्या खोलीत त्या "शी!"ला घाबरणारं कोणी नव्हतं. उलट शेठ खूश झाले. त्यांना वाटलं, फोटोलाच म्हणाली.

"तेच म्हणतो मी! शी! नवऱ्याला सोडून आलेली बाई. नवरा का सुटला, ते आता कळतंय."

"गळ्यात पडून बसलीय," सेक्रेटरी म्हणाले. "नीट बघा. मला तर वाटतं, हा तोच. जुनं प्रकरण असणार."

"आमची बहीण म्हणत होती, बागेसमोर थांबले होते," मटणवाले म्हणाले, आणि नळी तोंडाला लावून सर्रकन आतला मगज ओढला.

शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड! मोठ्या आपानं तिघांची तोंडं पाहिली. ओठ चमकताहेत, दाढीला कण लागलेत, आणि डोळे त्याहून जास्त चमकताहेत. मुलींना शिकवताना हवेत मूठ धरून नाटक करावं लागत होतं. इथे तर सगळं साक्षात मांडून ठेवलं होतं. मुंगी खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि टेबलावरच्या डब्याकडे टक लावून पाहत होती.

"तिला बोलवा," आपा म्हणाली. "समोर विचारा. तो भाऊ असेल, डॉक्टर असेल, कोणीही असेल. तिला तोंड आहे, ती सांगेल. नाहीतर साक्षीदार आणा. नुसत्या फोटोवर एखाद्या बाईची भाकरी काढायची, हे कुठल्या सबकात बसतं?"

"आम्ही खोटं बोलतोय का?"

"खरं असेल तरच..." आपानं सुरुवात केली, पण शेठनी हात वर केला.

"आपा, तुम्ही हुशार आहात, पण भोळ्या आहात. जिचं स्वतःचं घर नासलं, ती आमच्या लेकींना काय वळण लावणार? माझ्या घरात बघा. माझी मुलगी बघा. लग्न होऊन गेली, कोणाची बोट दाखवायची बिशाद नाही. का? घरचं वळण! नाहीतर अशा बायका. उद्यापासून तिला येऊ नका म्हणून सांगा. तुम्हीच सांगा, बाईनं बाईला सांगितलेलं बरं."

स्वतःचं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! मोठ्या आपाच्या डोक्यात तिडीक गेली. नंतर तिनं हजारदा स्वतःला विचारलं असेल की त्या घटकेला उठून निघून का नाही गेलीस? उठून जायचं, नाहीतर निदान तोंड बंद ठेवायचं. आठवड्याचा अंमल तिनंच दिला होता. पण तेव्हा तिला फक्त ते चमकणारे ओठ बंद करायचे होते.

"घरचं वळण?" ती म्हणाली. "तुमच्या मुलीचं? मग एकदा घरात विचारा, शेठ. लग्नाची तारीख एवढ्या घाईनं का ओढली? तुम्ही माल आणायला परगावी गेला होतात तेव्हा तुमची लेक दोन दिवस कुठे होती? कोणाबरोबर होती? तुमची बायको माझ्या पायरीवर बसून रडत होती. बसस्टँडवरून त्या पोरीला मी घेऊन आलेय. माझ्या शालीत गुंडाळून! तिला चालतं, मग हिलाच का नाही?"

मटणवाल्यांचा जबडा चावता चावता थांबला. शेठचा हात डब्यात होता, तो तिथेच राहिला. त्यांच्या तोंडावरचा रंग असा उतरला की त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे कोणालाही कळावं.

सेक्रेटरी पुटपुटले, "धाकट्या आपाचं... राहू द्या सध्या. घाई कशाला."

"राहू द्या," मटणवाले म्हणाले. त्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं, सेक्रेटरींनी त्यांच्याकडे. आणि दोघांच्या डोळ्यांत पुन्हा तीच चमक आली, मघाशी फोटोवर वाकताना होती ती.

आपाला ती दिसली. पण जिंकलेल्या माणसाला दिसतं ते सगळं समजतं थोडंच? ती उठली, कमोडांच्या रांगांमधून बाहेर आली, आणि पहिल्यांदाच तिला पदर नाकाला लावावासा वाटला नाही. बरी खोड मोडली! चांगली जिरवली! रस्ताभर ती ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा घोळवत होती, त्यात आणखी काय घालता आलं असतं तेही सुचत होतं. घरी जाऊन तिनं दोन घास जास्तच खाल्ले.

वस्तीत बातमी पसरायला काय वेळ लागतो? मटणवाल्यांच्या घरी त्याच दिवशी पातेलं चढलं असणार. फुफीनं सांगितलं असणार, दादीला नीट ऐकू आलं नसणार. सेक्रेटरींच्या फोनमध्ये शेठच्या मुलीचा लग्नातला फोटो होताच.

शेठची मुलगी माहेरी आली की आधी आपाकडे यायची. एवढी श्रीमंताची लेक, पण खाली जमिनीवर बसायची. आपाचा हात हातात घेऊन बसून राहायची. आता पोटुशी होती. मागच्या खेपेला म्हणाली होती, "आपा, मुलगी झाली तर तुमच्याकडेच शिकायला पाठवणार हं."

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी धाकटी आपा वर्ग सुटल्यावर मागे थांबली. मोठ्या आपाला वाटलं, आभार मानायला थांबलीय. तिनं मनात उत्तरही तयार केलं, अगं, त्यात काय, माझं कामच ते.

"आपा," धाकटी म्हणाली, "शेठच्या मुलीला सासरच्यांनी आणून सोडलं. बॅग दारात ठेवून गेले. पोटातलं मूल कोणाचं, असं विचारत होते म्हणे."

मोठी आपा भिंतीला टेकली.

"माझ्यासाठी बोललात, हे मला सेक्रेटरींनी सांगितलं. हसत सांगितलं." धाकट्या आपाचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण ती वर बघत नव्हती. "मला विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, राहू दे ती नोकरी. मला ठाऊक आहे ना, चघळलं जाताना कसं वाटतं ते."

"मग मी काय करायला हवं होतं? बघत बसायचं?"

"ते मला नाही माहीत, आपा." तिनं चपला घातल्या. "आईला औषध द्यायची वेळ झाली. उद्या येते."

ती आली. रोज येते. मुलींना अलिफ शिकवते. मोठ्या आपाशी हसून बोलते आणि शेजारी बसत नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे येऊन गेले. फलक लागला. शेठ आले नाहीत, तब्येतीचं कारण सांगितलं. मुलींनी प्रामाणिकपणा, स्वच्छता आणि वडीलधाऱ्यांचा आदर यांवर चारचार ओळी म्हटल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, बिस्किटं चहात बुडवून खाल्ली, आणि जिना उतरता उतरता त्यांच्यातल्या एकानं सेक्रेटरींना हळूच विचारलं, "ते तुमच्या अध्यक्षांच्या मुलीचं काय ऐकतोय आम्ही?" सेक्रेटरींनी फोन काढला. मोठी आपा वर कठड्याशी उभी होती. तिनं पाहिलं आणि पाठ फिरवली. थुंकावंसं वाटलं, पण कोणाच्या नावानं थुंकणार?

गीबतीचा सबक संपवताना ती मुलींना एक शेवटची गोष्ट सांगायची. जिचं मांस खाल्लं तिनंच माफ केलं पाहिजे. रोजे ठेवा, नमाजा पढा, ते खातं तिच्याकडूनच मिटतं. तशी ती एकदा शेठच्या घरापर्यंत गेलीही. दार शेठच्या बायकोनं उघडलं. आपाला पाहून तिनं काही शिवी दिली नाही की आवाज चढवला नाही. आत गेली, घडी केलेली एक शाल आणून आपाच्या हातावर ठेवली आणि दार लावून घेतलं. ती आपाचीच शाल होती. इतके दिवस जपून ठेवली होती त्यांनी.

त्या दिवशी मदरशात मुंगी आपल्या जागी बसली होती. सुट्टीत आपानं नेहमीप्रमाणे दोन डबे काढले. बटाटाच होता. मुंगीनं पावाचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडापर्यंत नेला. मग थांबली. डब्यात वाकून बघितलं, थोडा वेळ तशीच बघत राहिली.

"आपा," तिनं अगदी हलक्या आवाजात विचारलं, आपाची अडचण होऊ नये अशा बेतानं, "यात शेठकडची ताई आहे का?"

आपाच्या तोंडात घास होता. मुंगीनं तुकडा परत डब्यात ठेवला, झाकण लावलं, बोटं फ्रॉकला पुसली. "मला आज भूक नाही," ती म्हणाली. रागावली नव्हती. घरी दादीला सांगायची तसंच सांगितलं तिनं.

मोठी आपा उठली. जिन्यावरून खाली नळांपाशी गेली. तोंडातला घास थुंकला, ओंजळ भरली आणि चूळ भरली. मग पुन्हा. मग पुन्हा. दातांवरून बोट फिरवलं, जीभ खरवडली. जिभेला कसलीच चव लागत नव्हती, आणि तेच तर तिला सहन होत नव्हतं.

नमाजाची वेळ होत आली होती. मुली वजूसाठी उतरल्या, मागे रांग लागली. नळ नुसता वाहत होता.

"आपा," रांगेतून मुंगीचा आवाज आला, "तीनदा झालं. तीनदाच असतं."

मोठ्या आपानं चौथ्यांदा ओंजळ भरली.